उजव्या कडेवर

“आलो का गं?”

“आलो. एवढा रस्ता ओलांडला की पायऱ्याच.”

“मग दंड जरा सैल धर. म्हशीला बाजारात नेल्यासारखं काय धरतेस?”

मी पकड सैल केली, दंड सोडला मात्र नाही. फ्रान्समधल्या त्या गावात फरसबंदीचे दगड शेकडो वर्षांच्या पायांनी इतके गुळगुळीत झाले होते की मला, डोळस बाईला, पाऊल जपून टाकावं लागत होतं. यांना डाव्या डोळ्यानं काहीच दिसत नव्हतं. उजव्यानं उजेड आहे की नाही एवढंच कळायचं. काचबिंदू. “आयुष्यभर काचांवर बोललो, मग दुसरं काय होणार?” असं हे डॉक्टरांनाच म्हणाले होते, आणि डॉक्टर हसावं की हसू नये अशा चेहऱ्यानं बसून राहिले होते.

त्या सकाळीला आता एकवीस वर्षं झाली. यांना जाऊन अकरा. श्रावणातला शुक्रवार होता, सकाळचे नऊ-साडेनऊ. हॉटेलच्या खोलीत डबीतला बाळकृष्ण टेबलावर ठेवून मी पूजा उरकली होती, जिवतीचा कागद साताऱ्याहूनच बरोबर आणला होता. गावाचं नाव मला तेव्हाही धड उच्चारता येत नव्हतं, आताही येत नाही. आमच्या घरात त्याला ‘आपलं गाव’ म्हणायचे. आपल्या गावचा दरवाजा, आपल्या गावच्या काचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, यांचं मूळ गाव कोकणात कुठंतरी असेल.

हे साताऱ्याच्या एका लहानशा कलाशाळेत कलेचा इतिहास शिकवायचे. एकतीस वर्षं. नाव गोविंद आठल्ये, पण मुलं ‘गॉथिक सर’ म्हणायची, तोंडावरसुद्धा. युरोपातल्या त्या उंच देवळांवर हे आठ-आठ दिवस बोलायचे, फळ्यावर खडूनं कमानी काढायचे, आणि यांनी स्वतः त्यातलं एकही देऊळ पाहिलेलं नव्हतं. निवृत्त होईपर्यंत पासपोर्टसुद्धा नव्हता. यांची विद्यार्थिनी शलाका पेठे तिकडं लिऑंला आर्किटेक्ट होऊन स्थायिक झाली. तिनं पत्र पाठवलं, “सर, दिसतंय तोवर या.” आम्ही निघेनिघेपर्यंत दिसणं संपलं. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, “मी बघायला चाललोच नाही. तू बघणार, मी ऐकणार.”

शलाकानं आम्हाला चौकात उतरवलं आणि गाडी लावून देवळाच्या चाव्या सांभाळणाऱ्या बाईला शोधायला गेली. दार दहाला उघडतं, पण सरांसाठी ती लवकर उघडायला लावणार होती.

“हं, सांग,” हे म्हणाले. डोकं थोडं वर, हनुवटी पुढं. तास सुरू करताना उभे राहायचे तसे.

“काय सांगू? खूप उंच आहे.”

“हे कुणीही सांगेल. खालून वर ये. दाराची कमान कशी आहे?”

“टोकाची. म्हणजे… हात जोडून डोक्यावर धरले तर कोपरांपासून बोटांपर्यंत जशी होईल तशी.”

हे एकदम हसले. “एकतीस वर्षं खडू झिजवले मी. आणि तू एका नमस्कारात संपवलंस!”

“अहो, हळू. लोक बघतात.”

“बघू देत. त्यांना मराठी कुठं कळतंय? पुढं सांग. बाजूनं टेकू दिसतायत का?”

मी यांना चार पावलं बाजूला नेलं. भिंतीच्या बाहेरून अर्ध्या-अर्ध्या कमानी येऊन भिंतीला टेकलेल्या होत्या. लग्नाच्या मांडवाला वाऱ्यासाठी तिरपे बांबू देतात, तशा. मी तसंच सांगितलं.

“बरोबर. आधीच्या कमानी अर्ध्या गोलाच्या. माथ्यावरचं ओझं त्या दोन्ही अंगांना रेटत सुटायच्या. म्हणून भिंती किल्ल्यासारख्या जाड, खिडकी म्हणजे नुसतं भोक आणि आत काळोख. मग कमानीला टोक काढलं, ओझं बरंचसं सरळ खाली उतरलं. उरलेला रेटा बाहेरून टेकू देऊन अडवला. म्हणजे मग भिंतीला काम काय उरलं?”

“काही नाही,” मी म्हटलं. हे मला स्तोत्रासारखं पाठ होतं. “म्हणून भिंतीच्या जागी काच.”

“पहिला नंबर आठल्येबाईंचा.”

 यांनी चाचपून माझा हात धरला.

“आता मला तिच्यासमोर उभं कर,” हे म्हणाले.

ती म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही.

एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला एक फ्रेंच गृहस्थ आमच्या भागातली जुनी देवळं बघायला आले होते. चार दिवस यांनी त्यांना हिंडवलं, आमच्याकडं जेवू घातलं. परत गेल्यावर त्यांनी आठवणीनं त्यांच्या गावच्या चर्चचे छत्तीस फोटो पाठवले, प्रोजेक्टरवर दाखवायच्या फिल्मचे. त्यातला एक होता मधल्या खांबावरच्या मूर्तीचा. मेरी उभी आहे आणि कडेवर बाळ येशू.

यांनी पुस्तकांतून अशा शेकडो आया पाहिल्या होत्या. जवळजवळ सगळ्यांच्या डाव्या कडेवर बाळ, उजवा हात मोकळा. मूर्तिकारांचा रिवाजच तसा पडलेला. आणि या एकीच्या उजव्या कडेवर. हे त्या दिवशी जेवायला उठेनात. “अगं, या कारागिरानं ठरलेला नमुना बाजूला ठेवला. आधीच्या मूर्ती खांबासारख्या ताठ, देव म्हणजे देव. यानं घरात बघितलं असणार. याची बायको डावखुरी असणार, तुझ्यासारखी.”

मी डावखुरी आहे. सासरी आले तेव्हा तो मोठाच अपराध होता. माझ्या डाव्या हातात फूल बघितलं की सासूबाई डोळे मिटून घ्यायच्या. “माहेरी कुणी हात बांधून ठेवला नाही वाटतं तुझा?” मी उजव्या हातानं पूजा शिकले, वाढायला शिकले, पण वेणू झाली आणि ती आपोआप उजव्या कडेवर गेली, कारण काम करायला डावा मोकळा लागायचा. सासूबाई म्हणायच्या, पोर वाकडं होईल.

एका रविवारी हे शाळेचा प्रोजेक्टर घरी घेऊन आले. भिंतीवर स्वतःचं धोतर टांगलं, खिडक्यांना चादरी लावल्या.

“आई, ही बघ. सातशे वर्षांपूर्वीची बाई. पोर उजव्या कडेवर. मग कामं कुठल्या हातानं करत असेल?”

“मला काय विचारतोस? ती सायबाची देवी. तिला कुठं नैवेद्य वाढायचाय?”

“आई!”

“पोर मात्र गुटगुटीत आहे हो,” सासूबाई म्हणाल्या, आणि उठून गेल्या. पण दुसऱ्या दिवसापासून फुलांची परडी देवघरात माझ्या डाव्या हाताला ठेवलेली असायची.

त्या फोटोवर यांनी पुढं एक निबंध लिहिला, शाळेच्या वार्षिकात छापून आला. ‘उजव्या कडेवर’ असंच त्याचं नाव. निवृत्तीच्या दिवशीचं भाषणही त्यावरच. यांनी आयुष्यात स्वतःचं म्हणून काही शोधलं असेल तर ते एवढंच. बाकी सगळं पुस्तकातलं, असं हेच म्हणायचे.

वेणू अडीच वर्षांची होऊन गेली. घटसर्प. चार दिवस ताप होता. मी तिला मांडीवरून खाली ठेवत नव्हते. आणि हे बाहेर डॉक्टरांशी बोलून आत यायचे आणि मला सांगायचे, उतरतोय ताप. चौथ्या दिवशी संध्याकाळी म्हणाले, “डॉक्टर म्हणतात, धोका टळला. तू जरा पाठ टेक.” डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. मी तिला पाळण्यात ठेवलं आणि पाठ टेकली. चार दिवसांची जागलेली, मला डोळा लागला. उठले तेव्हा उजाडलं होतं आणि सासूबाई पाळण्याशी बसून होत्या.

मी महिनाभर कुणाशी बोलले नाही. बोलले ते यांना एवढंच म्हणाले, “मला खरं सांगितलं असतंत, तर मी तिला खाली ठेवलंच नसतं.”

  त्या वर्षीच्या चातुर्मासात बायकांनी कुणी वांगं सोडलं, कुणी कांदा सोडला. मी खोटं बोलणं सोडलं. पुढं ते चार महिन्यांचं राहिलं नाही, बारा महिन्यांचं झालं. शेजारणी मला नवी साडी दाखवायला घाबरायच्या. हे थट्टा करायचे, “हिच्याशी बोलायचं म्हणजे गीतेवर हात ठेवून बोलायचं.” पण स्वतःही जपून बोलायचे. बत्तीस वर्षं आम्ही दोघं एकमेकांशी खरं बोललो.

वेणूचा धड फोटो आमच्याकडं नव्हता. बारशातला एक आहे, त्यात ती दुपट्यात आहे आणि कपाळाचा तुकडा तेवढा दिसतो. माझ्या कडेवरची वेणू कुठंच नव्हती. म्हणजे होती, त्या एका स्लाइडमध्ये. हे असं कधी म्हणाले नाहीत. मुलं मात्र घरी आली की सांगायची, “काकू, गॉथिकच्या शेवटच्या तासाला ती मूर्ती येते ना, तेव्हा सर काही शिकवतच नाहीत. नुसते उभे राहतात.”

तर मी यांना त्या मूर्तीसमोर उभं केलं. दोन दारांच्या मध्ये खांब आणि खांबावर, आमच्या डोक्यावर हातभर उंच, ती.

“दिसतेय?”

“दिसतेय.”

“ऊन आहे तिच्यावर?”

“खांद्यापर्यंत आलंय.”

“उजव्याच कडेवर आहे ना गं?”

मी बघत होते. डाव्या कडेवर होतं.

मला आधी वाटलं, माझाच गोंधळ झाला. ती समोर उभी, म्हणजे तिचा डावा तो माझ्या उजव्या बाजूला. मी पदराखाली माझे हात चाचपून बघितले. नाही. तिच्या डाव्या कडेवरच होतं, इतर सगळ्या आयांसारखं. मग वाटलं, मूर्ती दुसरी असेल. पण कमरेशी वस्त्राची जी मोठी चुणी फोटोत होती ती होती, पायाशी दगडाचा टवका उडाला होता तोही होता. फक्त जे फोटोत इकडं ते इथं तिकडं. आरशात बघावं तसं.

आणि मग मला माझ्या माजघरातली सतरंजी दिसली.

फिल्म आली ती सलग पट्टीत होती. एकेक चित्र कापून पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवावं लागायचं. यांना वेळ नव्हता, म्हणून ते काम मी केलं. यांनी दाखवून दिलं होतं, एक बाजू चकचकीत असते, एक मंद, चकचकीत अमुक बाजूला यायला हवी. मी सतरंजीवर बसून कातरीनं कापत होते, वेणू रांगत येऊन पट्टी ओढत होती. छत्तीसच्या छत्तीस मी बसवल्या. पस्तीस सरळ बसल्या असणार. त्या चित्रात एखादं अक्षर असतं, पाटी असती, तर पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं. दगडाची आई आणि दगडाचं मूल. उलटं झालं तर कुणाला कळणार?

“काय गं? बोलत का नाहीस?”

“बघतेय.”

“बघ, बघ. सावकाश बघ.” यांचा आवाज अगदी मऊ झाला होता. “उजव्या ना?”

मी यांच्याकडं पाहिलं. चेहरा वर केलेला, डोळे नको तिकडं रोखलेले, मूर्तीच्या हातभर बाजूला. मी यांची मान हलकेच तिच्याकडं वळवली.

“हो,” मी म्हटलं. “उजव्या.”

यांनी माझा हात दाबला. बराच वेळ सोडला नाही. त्या वर्षी कार्तिकात मी खोटं न बोलण्याच्या नेमाचं उद्यापन केलं नाही. गुरुजींनी दोनदा निरोप पाठवला.

शलाका आली. मागं चाव्यांची बाई, साठीची, काळा झगा, पायात कापडी सपाता, दम लागलेली. शलाकानं तिची आणि सरांची ओळख करून दिली आणि मग सहज वर पाहिलं. ती स्लाइड तिनंही वर्गात बसून पाहिली होती. ती मूर्तीकडं बघत राहिली. मग माझ्याकडं. मग पुन्हा मूर्तीकडं.

“सर, पण ही तर—”

मी मान हलवली. नाही म्हणून. तिनं तोंड मिटलं.

“ही तर काय?” यांनी विचारलं.

“ही तर… फोटोपेक्षा मोठी आहे, सर.”

“मग! दगड आहे तो. चौकटीत किती मावणार?” हे खूश होते.

चाव्यांची बाई भराभरा काहीतरी बोलू लागली. हातवारे करून आतलं काही दाखवत होती. शलाका ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

“काय म्हणतेय?” हे.

“काही नाही सर, असंच.”

“शलाके, तू माझ्या परीक्षेतही अशीच उत्तरं द्यायचीस. काय म्हणतेय ती?”

शलाकानं माझ्याकडं पाहिलं. मग सांगितलं. बाहेरचा दगड पावसापाण्यानं झिजतो, म्हणून शंभर वर्षांमागं या मूर्तीची प्लास्टरमध्ये प्रत करून ठेवलीय. आत बाजूच्या खोलीत असते. ज्यांना दिसत नाही त्यांना ही बाई ती हातानं बघू देते.

“हातानं?” हे म्हणाले. “मला?”

“आधी काचा बघू,” मी म्हटलं. “आत्ता ऊन चांगलं आहे. परत ढग आले तर राहून जाईल.”

“काचा तू बघ. अगं, माझ्या हाताला मिळतंय!”

“मोठी असेल हो. उंचावर असेल. घसरून पडाल.”

“पडलो तर पडलो.”

दाराशी मी चपला काढल्या. हे म्हणाले, इथं काढत नाहीत. मी म्हटलं, काढू द्या मला. दगड थंडगार होता. आत पाऊल टाकलं आणि हे थांबले.

“निळा आहे का गं उजेड?”

“निळा आहे. मध्ये मध्ये लाल.”

“मला रंग नाही कळला. पण उजेड आहे, एवढं कळलं. पुष्कळ आहे.” थोडं थांबून म्हणाले, “चला.”

 मी मनात नाव घेत होते, पण कशासाठी घेत होते ते सांगता येणार नाही. प्रत फुटलेली असू दे, कुलूप उघडू नये, असलं काहीतरी मागत असेन. कुलूप उघडलं. लहान खोली होती. लाकडी चौथऱ्यावर ती उभी होती, बाहेरच्याएवढीच, पण पांढरी. जमिनीलगत. बाईनं यांच्या हाताला धरून समोर नेलं, दोन्ही तळवे तिच्या पायांपाशी टेकवले आणि मागं सरली.

यांनी खालून वर सुरुवात केली. मलाही तेच सांगितलं होतं. चुण्यांवरून बोटं चढत होती.

“बघ शलाका, वस्त्र कसं पडलंय. आत शरीर आहे. गुडघा आहे.” हात कमरेशी आले. “आणि इथं वाकलीय. आधीच्या ताठ बायांना कमरच नव्हती. हिच्या अंगावर ओझं आहे, म्हणून वाकलीय. मूल जड असतं, हे या माणसाला ठाऊक होतं.”

मग यांचा डावा हात वर निघाला, जिथं बाळ असायला हवं तिथं. तिथं नुसता दंड होता, मनगट, आणि मोकळी बोटं. हात त्या बोटांवर थांबला. परत खाली आला, परत वर गेला. उजवा हात दुसऱ्या बाजूनं आपोआप चढला होता, त्याला बाळाचं पाऊल लागलं.

 चाव्यांची बाई हसऱ्या चेहऱ्यानं बघत होती. तिला वाटलं असेल, आंधळ्या माणसाला देव भेटलाय.

“सर,” शलाका अगदी हळू म्हणाली.

“प्रत आहे ना ही?” यांनी विचारलं. आवाज वर्गातला होता. “प्लास्टरची?”

“हो, सर.”

“साच्यातून काढलेली. मग बरोबर आहे. साच्यात उलटं येतं.”

मी मूर्तिकार नाही, पण मलाही एवढं कळतं. साचा उलटा असतो, साच्यातून निघते ती मूर्ती सुलटी. नाहीतर कुंभारवाड्यातल्या डाव्या सोंडेच्या गणपतीची प्रत उजव्या सोंडेची झाली असती. यांनी तर पहिल्या वर्षाच्या मुलांना हे गणपतीच करून शिकवलेलं. शलाका त्याच मुलांत होती.

ती खाली बघत म्हणाली, “हो सर. उलटं येतं.”

“बाहेर उजव्या कडेवरच आहे,” हे म्हणाले. “हिनं पाहिलंय.”

हे विचारत नव्हते. विचारलं असतं तर मी काय बोलले असते कुणास ठाऊक. यांनी विचारलंच नाही, त्यावेळी नाही आणि पुढं दहा वर्षांत कधीच नाही. शलाका खोलीबाहेर गेली. तिच्या मागून ती बाईही गेली, काही विसरल्यासारखं करून.

यांचे हात अजून मूर्तीवरच होते. दोन्ही हात आता एका बाजूला आले होते, बाळाच्या बाजूला. पावलावरून पोटरी, पोटावरचा अंगरखा, हातातलं फळ की चेंडू काहीतरी. मग चेहरा. बाहेरच्या बाळाचा चेहरा झिजून नुसता गोटा राहिलाय. इथं सगळं शाबूत होतं. गाल, हनुवटीवरची खळी, अर्धवट उघडं तोंड. यांची बोटं नाकावर आली आणि तिथंच राहिली.

“कुमुद.”

हे मला नावानं हाक मारायचे नाहीत. अगं म्हणायचे.

“वेणूचं नाक असंच बसकं होतं का गं?”

मी त्या बाळाकडं पाहिलं. जिभेवर उत्तर तयार होतं. हो, अगदी असंच. सकाळपासून एकदा खोटं बोललेच होते, दुसऱ्यांदा जड गेलं नसतं. मी डोळे मिटून वेणूला समोर आणायला बघितलं. दुपटं आलं, पायातले वाळे आले, मानेशी तेलाचा वास आला. चेहऱ्याच्या जागी काही येईना.

“मला आठवत नाही हो,” मी म्हटलं.

यांची बोटं नाकावरून गालावर उतरली.

“मलाही,” मग म्हणाले. “कितीतरी वर्षं झाली. तुला कसं सांगावं, कळत नव्हतं.”

मी पुढं झाले आणि यांच्या हाताशेजारी, त्या बाळाच्या गालावर हात ठेवला. प्लास्टर गार होतं. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, आणि थोड्या वेळानं ते हाताखाली कोमट झालं.